माक्याचं तेल

चिंचवड, २ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार.

यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात कायम केलं. मथूचा टायफॉईडही उतरला, काळजी करू नकोस. केस मात्र मुठीमुठीने गेले.

नदीकाठचा माका आणून तू शिकवलंस तसं तेल केलं. त्यात भिजवलेली वात न तडतडता जळेपर्यंत कढवलं. महिनाभर रोज चोळतेय, पण बोटांना नवा केस लागत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

मुलाकडचे पुढच्या रविवारी मथूला बघायला येतायत. मी म्हटलं, "डोक्यावरून पदर घेऊन बस." तर म्हणते, "आई, लग्नानंतर काय पदर डोक्याला शिवून घेऊ? त्यांना आधीच कळव."

खरंच आहे तिचं. म्हणून त्यांना पत्र लिहायला बसले, आणि हे तुलाच लिहिलं गेलं.

तुझी लेक
शेवंता