चौदा गुंठ्यांतली पेन्शन

१ जून १९९८, सोमवार. पहाटे ५.१०

डायरी कारखान्याची आहे, जानेवारीत मिळाली. पाच महिने कोरी ठेवली, कारण सुरुवात नीट व्हायला हवी होती. आज झाली.

हरवली तर सापडणाऱ्याने परत करावी म्हणून: नायब सुभेदार नाथाजी, निवृत्त. सध्या आष्ट्याजवळच्या साखर कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर. बारा उमेदवारांतून माझी निवड झाली. कमिटीसमोर मारलेला सॅल्यूट अजून लोकांच्या लक्षात असणार.

संकल्प. रोज पाच किलोमीटर धावणे. पलटणीतल्या गुंडाच्या घरी, आटपाडीला, एकदा जाऊन येणे. इन्कम टॅक्सचं रिटर्न स्वतः भरणे, कुणाला हात लावू न देणे.

आज धावलो नाही. कॅनव्हासचे बूट नवीन आहेत, आधी घरात वापरून मऊ करावे लागतात.

३ जून, बुधवार

अकाउंटंट बाळासोने सांगलीहून फ्लॉपी आणली आहे. रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर. यंदा सगळ्या स्टाफची रिटर्नं कॉम्प्युटरवर भरून, प्रिंट काढून, एका गठ्ठ्याने सांगलीला जाणार. मुदत तीस जून. बाळासो म्हणाला, सुभेदार, पेन्शनचा कागद द्या माज्याकडं, दोन मिंटात टाकतो.

दिला नाही. त्याला सांगितलं की माजी सैनिकांसाठीचा तीन दिवसांचा कॉम्प्युटर कोर्स मी साताऱ्यात केलेला आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. (तिसऱ्या दिवशी वीज नव्हती. ते सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही.)

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. पेन्शनच्या कागदावर ‘डिसॅबिलिटी’ असा शब्द आहे. पुढे ४०%. सिक्युरिटी ऑफिसरच्या कागदावर हा शब्द शोभत नाही. मॅनेजमेंटला कळलं तर मला उद्या गेटवरून उचलून स्टोअरमध्ये बसवतील, किंवा घरी. डाव्या पायाची पाच आणि उजव्याची दोन बोटं नाहीत, हे आजवर कारखान्यात कुणालाही कळलेलं नाही. बुटात कापड नीट भरलं की चाल अगदी मिलिटरी वाटते.

७ जून, रविवार. दुपारी ३

ऑफिस रिकामं बघून कॉम्प्युटरवर बसलो. दुसरा माणूस नको होता.

प्रोग्रॅमने आधी एम्प्लॉयरचं नाव विचारलं. कारखान्याचं टाकलं. दुसरा एम्प्लॉयर आहे का? आहे. भारताचे राष्ट्रपती. त्यावर त्यांचा टॅक्स कपातीचा नंबर मागितला. माझ्याकडे नाही. पुढे जाऊ देईना. तासभर गेला. शेवटी राष्ट्रपती काढून टाकले.

मग आली ती ओळ. पेन्शन डिसॅबिलिटीची आहे का, वाय की एन.

एन दाबलं. कसलाही विचार केला नाही.

टॅक्स सात हजारांवर गेला. हा सगळा पगारातून आधीच कापलेला आहे. गेल्या वर्षीही कापला होता, भरून टाकला, विषय संपला.

घरी आलो तर बायकोने, लीलाबाईने, रिटर्नचं विचारलं. ती मोजे वाळत घालत होती. म्हणाली, आवं, अपंगाच्या पेन्शनीला टॅक्स न्हाई म्हणत्यात, साताऱ्याच्या सैनिक ऑफिसातला सायेब मागं माज्यासमोर बोलला. परत मिळतील पैसं. त्यात लाज कसली?

लाज नाही, तत्त्व आहे, असं सांगितलं. तिने कुठलं तत्त्व ते विचारलं. जेवायची वेळ झाली होती.

९ जून, मंगळवार

तत्त्व लिहून ठेवतो, पुन्हा विचारलं तर उपयोगी पडेल.

सियाचीन, ११ नोव्हेंबर ८७. मी आणि गुंडा एका दोरीला होतो. बर्फ खचलं. सकाळी मला खाली आणलं. गुंडाला आणलं नाही. पुढे पुण्यात मेडिकल बोर्ड बसलं, त्यांनी मला चाळीस टक्के दिले. गुंडाला बोर्डच बसलं नाही.

तेव्हा डिसॅबिलिटी मी कशाला म्हणायची. एवढंच.

त्या वेळी काही वाटलं नव्हतं. आताही नाही. डॉक्टर म्हणाले होते की पायांना हळूहळू जाणीव येईल. अकरा वर्षं होत आली.

धावलो नाही. कोपऱ्यावर कुत्री.

१२ जून, शुक्रवार. रात्री ८

आज युक्ती सुचली. गेटवर उभा असताना, आपोआप.

शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. माझा चौदा गुंठे ऊस आहे. म्हणजे पेन्शन शेतीच्या रकान्यात टाकली की शब्दही नको आणि टॅक्सही नको. रक्कम तीच, सरकार तेच. कुणाचं काय गेलं?

ड्यूटी सुटल्यावर ऑफिसात बसून टाकून आलो. पेन्शन वर्षाची अठ्ठेचाळीस हजार, ती उसात घातली. उसाचे खरे नऊ हजार आठशे होते, ते वगळले. एवढा लोभ बरा नाही.

स्क्रीनवर टॅक्स: शून्य. कापलेले सगळे पैसे परत. प्रिंट काढून बाळासोच्या गठ्ठ्यात ठेवलं. वीस वर्षं फौजेत क्लार्कांशी झगडलो, त्याचं हे फळ.

लीलाबाईला सांगितलं, झालं काम. म्हणाली, मग त्यो शबुद घातला का? म्हटलं, त्याची गरजच पडली नाही.

१६ जून, मंगळवार

बाळासो आज तीनदा गेटवर येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, सुभेदार, तुमचं चौदाच गुंठं हाय न्हवं? म्हटलं, हो. सगळा ऊसच? म्हटलं, सगळा. तो मान हलवत गेला. कौतुक वाटलं असणार.

१७ जून, बुधवार

शेती अधिकारी लालासाहेब स्वतः शुक्रवारी माझा प्लॉट बघायला येणार आहेत! शिपायाकडून निरोप. सोबत बाळासो आणि दोन डायरेक्टर.

मी हिशेब करून बघितला. अठ्ठेचाळीस हजारांचा ऊस चौदा गुंठ्यांत, म्हणजे एकरी दोनशे टनांच्या जवळ. असा उतारा जिल्ह्यात ऐकलेला नाही. वार्षिक सभेत विक्रमी उत्पादकाचा सत्कार असतो, शाल, नारळ, फोटो. आता नाही म्हणणंही बरं दिसणार नाही. आपण मागितलं नाही, त्यांना वाटलं.

फेट्याला खळ घालायला सांगितलं. लीलाबाई म्हणाली, आवं पर ऊस कुठाय एवढा? आपला खोडवा गुडघ्याला लागत न्हाई.

तिला सांगितलं, बघणाऱ्याची नजर लागते.

१८ जून, गुरुवार

चार ओळींचं भाषण पाठ केलं. “जवान आणि किसान” ने सुरुवात. प्लॉट टवटवीत दिसावा म्हणून दिवसभर पाणी सोडलं. उद्या लवकर उठून आधी धावणार.

१९ जून, शुक्रवार. संध्याकाळी

धावलो नाही.

ते दहाला आले. मी बांधावर फेटा बांधून उभा. सॅल्यूट केला. लालासाहेबांनी ऊस बघितला, मग मला, मग पुन्हा ऊस. म्हणाले, सुभेदार, आपल्याकडं तुमचा चौदा टन ऊस आलाय. बाकीचा कुणाला घातला?

मला काही कळेना. मग बाळासोने पिशवीतून माझं प्रिंट बाहेर काढलं. म्हणाला, अठ्ठेचाळीस हजार तुमीच लिवलंय. एवढा ऊस दुसऱ्या कारखान्याला गेला बगा, दुसरा हिशेब लागत न्हाई. एक डायरेक्टर म्हणाले, बाहेर जाणारे ट्रॅक्टर अडवायला ठेवलेला माणूस, आणि हाच रातीत बाहेर घालतोय व्हय?

जानेवारीत मी असे दोन ट्रॅक्टर पकडले होते. रिपोर्ट माझ्याच सहीचे आहेत. दोघांचं सभासदत्व गेलं.

भाषण आठवत नव्हतं. आठवलं असतं तरी बसलं नसतं. म्हटलं, साहेब, ऊस नाही, ती पेन्शन आहे. लालासाहेब म्हणाले, पेन्शन उसात कशी आली? म्हटलं, टाकली. का टाकली? म्हटलं, तसं काही नाही. डायरेक्टर म्हणाले, मग कागद दावा पेन्शनीचा.

कागद घरात, घर प्लॉटच्या पलीकडे. जवळचा रस्ता म्हणून पाण्यातून निघालो. कालचं पाणी जास्तच झालं होतं. चौथ्या सरीत डावा बूट रुतला. मी पुढे गेलो, बूट मागे राहिला. मोजाही त्याच्याबरोबर.

पायाला चिखल गार लागला की नाही, सांगता येत नाही. मी खाली बघितलं नाही. बाकीच्यांनी बघितलं.

लालासाहेब धोतर वर खोचून सरीत उतरले. बूट उपसला. आतलं कापड बाहेर लोंबत होतं, ते पिळून, घडी घालून परत आत बसवलं आणि बूट माझ्या हातात दिला. हळूच म्हणाले, आवं सुभेदार, ह्ये एवढंच व्हय? आमाला ठावं न्हाई का? कमिटीत मी हुतो. सैनिक बोर्डाचं पत्र मीच वाचलं. ती जागाच अपंग माजी सैनिकाची हुती, बारा जणांत पायाचा कागद असल्यालं तुमी एकलंच.

म्हटलं, आणि सॅल्यूट?

म्हणाले, सॅल्यूटबी चांगला हुता.

२० जून, शनिवार

ड्यूटीवर गेलो. सगळे रोजच्यासारखेच रामराम करत होते. आज लक्षात आलं की माझ्यासाठी गेटजवळ स्टूल ठेवलेलं असतं. सहा वर्षं ते तिथेच आहे. मला वाटायचं, विसरलंय कुणी.

२४ जून, बुधवार

काही नाही.

२९ जून, सोमवार

उद्या मुदत. बाळासोने कॉम्प्युटर लावून दिला आणि म्हणाला, तुमीच दाबा, मी चा सांगून येतो. बराच वेळ आला नाही.

पेन्शन डिसॅबिलिटीची आहे का. वाय.

किती टक्के. चाळीस.

केव्हापासून. हे विचारेल असं वाटलं नव्हतं. तारीख टाकली. ११, ११, ८७. तारीख दोघांची आहे, पण पुढे दुसऱ्या माणसाची जागा नव्हती.

रडू येईल की काय अशी भीती होती. आलं नाही. प्रोग्रॅमने जरा वेळ घेतला आणि टॅक्स दाखवला: शून्य. ऊस टाकला होता तेव्हाही शून्यच होता.

घरी लीलाबाईने विचारलं, काय म्हणला कॉम्प्युटर? म्हटलं, काही नाही. म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, आता आटपाडीला कवा जायचं?

तिला आटपाडीचं मी कधी बोललो नव्हतो.

स्टँडवर चौकशी केली. आटपाडीची गाडी सकाळी सव्वासहाला आहे. म्हणजे धावायला जमणार नाही. तसंही धावणं आता रद्द.

बूट आज धुतलेत, उद्या वाळायचे आहेत. परवा बघू.