पट्टा नसलेली लोकरमाशी

प्रिय ठकू,

तुझ्या दवाखान्याच्या पायरीवरच्या कुंड्यांपाशी तू हे नक्की पाहिले असशील आणि पुढच्या पेशंटच्या गडबडीत विसरूनही गेली असशील. कोवळ्या उन्हात एक गुबगुबीत, केसाळ मधमाशी फुलासमोर येते आणि हवेत जागच्या जागी थांबते. तिची सोंड तलवारीसारखी पुढे रोखलेली असते. हात पुढे केला की ती नाहीशी होते आणि हात मागे घ्यायच्या आत परत तिथेच हजर. मधमाशी कधी अशी वागते का? मग ही कोण? उत्तरासाठी तिचे पंख मोजावेत. मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. म्हणजे ही माशीच, मधमाशीचे कपडे अंगावर चढवून हिंडणारी. डंख नाही, विष नाही, आणि ती भीतिदायक सोंड फक्त फुलातला मध प्यायची. तुझ्या बाबांनी तिचे घरगुती नाव ठेवले होते लोकरमाशी, आणि मला अजून त्याहून चांगले नाव सुचलेले नाही.

हिचे बाळंतपण तर ऐकण्यासारखे आहे. काही मधमाश्या पोळे न करता एकेकट्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून राहतात. लोकरमाशीची मादी आधी पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत बारीक धूळ भरून घेते, अंडी त्या धुळीत घोळवते आणि अशा बिळाच्या तोंडावर तरंगत, टिचकीने गोटी मारावी तशी एकेक अंडे आत उडवते. अंड्यातून निघालेली अळी बिळात शिरते आणि यजमानिणीचे पोर खाऊन मोठी होते. मी हे रंगात येऊन सांगू लागले की तू लहानपणी ताट बाजूला सारत असस. आता तू दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा पाहतेस, तेव्हा तुला चालेल असे धरून चालते.

मुद्द्यावर येते. तुझे पत्र पोहोचले. एक सही कर आणि मोकळी हो, गच्चीकडची खोली तुझ्यासाठीच ठेवली आहे, असे तू लिहिलेस. खोलीबद्दल मनापासून आभार. सहीचे मात्र नीट समजावून सांगायला हवे, कारण विभागप्रमुखांनी तुला फोनवर जे सांगितले ते अर्धेच आहे.

निवृत्तीनंतर संग्रहालयाने मला खिडकीजवळचे टेबल वापरू दिले, त्या बदल्यात मी माश्यांचे खण लावून देते. (नातेवाईक विचारतात, दिवसभर काय करतेस? मी खरे तेच सांगते, माश्या मारते. हसतात बिचारे.) आपल्या भागातल्या लोकरमाशीच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा एक ठसठशीत पट्टा असतो. गेल्या हंगामात मागच्या आवारातल्या मातीच्या भिंतीपाशी मला पट्टा नसलेल्या माश्या दिसल्या. त्या जागी नुसती काळी, चकचकीत पाठ. पंखांतल्या शिरांची ठेवणही किंचित वेगळी. मी रीतसर वर्णन लिहिले: डोके, मिशा, सोंड, पंख, पाय, प्रत्येक भागावरच्या केसांचा रंग आणि दिशा. एखादी जात वेगळी आहे असे म्हणायचे, तर ती कशी ओळखावी हे इतके स्पष्ट लिहावे लागते, की मला न भेटलेल्या माणसालाही ती ओळखता आली पाहिजे.

विभागप्रमुखांनी लेख परत पाठवला. माझ्याच हाताखाली टाचणी धरायला शिकलेला हा मुलगा! वाईट नाही, घाबरट आहे. टेबलाशी येऊन म्हणाला, ‘बाई, हे टक्कल आहे. नवी जात नाही.’ मी म्हटले, ‘टकलाबद्दल तुमचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही.’ त्याने नकळत डोक्यावरून हात फिरवला, आणि किल्ल्या सांभाळणारे मामा कपाटामागे जाऊन खोकू लागले.

पण त्याच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. लोकरमाशीचे केस फार कच्चे. दोन माश्या एका नळीत ठेवल्या, ओलसर जाळीत पकडल्या, नुसते बोट लागले, तरी केस झडतात. मग पट्टेवाली माशीही बिनपट्ट्याची दिसते आणि उतावळा अभ्यासक नवी जात सापडली म्हणून नाचतो. आमच्या धंद्यातली ही खास चूक आहे. आमच्या संग्रहालयावर हा आरोप पूर्वी एकदा येऊन गेला आहे आणि त्यावर लोक पोटभर हसले आहेत. त्या हसण्याची भीती अजून खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत भरून राहिली आहे.

म्हणून मी माश्या पकडायचेच सोडले. मधमाश्यांच्या बिळांसकट भिंतीची ढेकळे उचलून आणली, बरण्यांत ठेवली, वर मलमल बांधली आणि वाट पाहिली. माश्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी अजून जग पाहिलेले नव्हते, आणि तरीही पट्टा नव्हता! विभागप्रमुख म्हणाले, माती पोखरताना घासला असेल. मी म्हटले, माती माशी पोखरत नाही, तिचा कोष पोखरतो. त्याच्या डोक्यावर काटे असतात, त्यांनी तो वाट काढतो, बाहेर येतो, आणि मगच फाटून आतली माशी कोरी करकरीत निघते. यावर ते म्हणाले, मग बरणीच्या काचेला घासला असेल. ठकू, ज्याला उत्तर नकोच आहे त्याच्यासाठी प्रत्येक बरणीला काच असते.

आता तुझ्या विषयाकडे येते. दात पडला की हिरडीत खळगा राहतो, आणि दात उगवलाच नसेल तर खळगा नसतो. बरोबर? तुमच्या हिरड्या काही दिवसांनी भरून तरी येतात. माशीचे कवच कधीच भरून येत नाही. केस झडला की त्याच्या मुळाशी टाचणीने टोचल्यासारखा एक खड्डा जन्मभर राहतो, आणि मेल्यानंतरही, टाचणीवर कितीही वर्षे काढली तरी. म्हणजे झडलेले टक्कल आणि जन्मजात गुळगुळीत पाठ यांत फरक करायला मतांची गरज नाही, भिंगाची आहे. माझ्या बरणीतल्या माश्यांच्या पाठीवर एकही खड्डा नाही. हे मी लेखात लिहिले. लेख तपासणाऱ्या संग्रहालयाच्या समितीने उत्तरादाखल एक कागद पाठवला: ‘सदर वर्णन झिजलेल्या नमुन्यांवर आधारित असल्याने मी ते मागे घेत आहे.’ खाली सहीची जागा. सोमवारपर्यंत सही आली नाही, तर टेबल रिकामे करायचे.

तो मजकूर मी ओळखला. फोनवर ऐकून तूही ओळखला असशील, म्हणूनच तू इतकी घाबरलीस. तू शाळेत जायला लागली होतीस तेव्हा संग्रहालयाच्या वसाहतीतली मुले तुला ‘टकली माशी’ म्हणून चिडवत आणि तू रडत घरी येत असस. त्या वर्षी बाबांनी पट्टा नसलेल्या एका लोकरमाशीचे वर्णन केले होते, त्याच भिंतीपाशी सापडलेल्या. हाती माशी एकच, नोकरी कच्ची. समितीने खण न उघडताच झिजलेला नमुना असे ठरवले आणि बाबांनी याच वाक्याखाली सही केली. त्यानंतर त्यांनी एकाही कीटकाचे वर्णन लिहिले नाही. तुला ते लेबले चिकटवणारे शांत गृहस्थ म्हणूनच आठवतात. ते शांत नव्हते, ठकू. मी त्यांच्याबरोबर राहिले आहे. आमच्या शास्त्रात जो पहिल्यांदा नीट वर्णन करतो त्याचेच नाव टिकते, मग मधल्या काळात कुणी कितीही हसो. म्हणून माझ्या लेखात नवे नाव नाहीच. त्यांनी दिलेले नाव मी परत मागितले आहे, आणि समितीला खरे ते झोंबले आहे. टेबल गेले तर जाऊ दे, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरही भिंग ठेवता येते. पण त्या वाक्याखाली आपल्या घरातली दुसरी सही होणार नाही. तू सोमवारी ये, मला न्यायला म्हणून नव्हे. दातांसाठी डोळ्यांवर लावतेस ते भिंग घेऊन ये. बाबांची माशी ज्या खणात आहे तो समितीसमोर उघडायला मामा तयार आहेत. मी ती पाहिली आहे, काय दिसले ते इथे लिहीत नाही, कारण मला तुझे डोळे हवे आहेत, माझ्यावरचा विश्वास नको. खड्डे दिसले, तर मी तिथेच सही करीन आणि तुझ्या गच्चीकडच्या खोलीत राहायला येईन. न दिसले, तर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांग. सोबतच्या डबीत साधी पट्टेवाली माशी आहे, तिचा अर्धा पट्टा मी मुद्दाम कुंचल्याने घासून काढला आहे. तिच्यावर आजच हात बसव. दिवा वरून नको, बाजूने, अगदी आडवा धर, म्हणजे खड्ड्यात सावली पडते. घासलेली बाजू आधी बघ, खड्डा कसा दिसतो ते डोळ्यांत भरून घे, आणि मग सोमवारी तसाच दिवा धरून बाबांची माशी बघ.

तुझीच,
सही न करणारी आई