गोळी घेतली काय?

सलोनी,

मोठ्या जावेचा आशीर्वाद. तू बरी होऊन बाभुळगावले माहेरी गेली, पण माहा जळफळाट इथंच राह्यला.

तुले टीबी झाला तवा रजतभाऊजी रोज सकाळी तुह्यासमोर बसत. तू गोळ्या गिळेपर्यंत तोंडाकडं पाहत, मंगच वावरात जात. मी चुलीपाशी बसून जळत होती. मले सात वर्षांपासून शुगर आहे, पण माह्या घरवाल्यानं एकदाही इचारलं नाई. म्हून मी शुगरची गोळीच सोडली. म्हटलं, पाहू, कोणाच्या ध्यानात येते काय.

कोणाच्याच आलं नाई. मंग खोकला धरला. नर्सबाई म्हणे, "बाई, शुगर वाढली का टीबी लवकर धरतो." मलेही झाला. आता दोन्हीच्या गोळ्या सुरू आहेत.

आज हे पहिल्यांदा समोर येऊन बसले. म्हणे, "गोळी घेतली काय?"

घेतली होती मी. तोंड अजून कडू होतं. तरी म्हटलं, "नाई."

हे उठले अन् आपल्या हातानं पाण्याचा गिलास भरून आणला. मी नुसतं पाणीच पेली, हळूहळू.

हे पत्र धाडत नाई. तुह्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून राह्यली.

तुह्यावर जळणारी,
विजयमाला