शेजारचा फोटो

९ एप्रिल, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू मजेत असशील, वहिनीचा गुडघाही बरा असेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझा मोबाइल दिवसभर आईच्या हातात. फोन तीच उचलते, मेसेज तीच मोठ्यानं वाचते, आणि सध्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवायला तिला मोबाइल लागतोच. आमच्या ऑफिसची गाडी आत्ता तिकडे निघते आहे. ड्रायव्हर संध्याकाळी पत्र तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात, असं त्याला बजावून बजावून मी त्याचं डोकं खाल्लं आहे.

तर, तो एक्स-रेचा फोटो. काल तू पाठवलास तेव्हा मी जेवत होते. "आईच्या छातीतला डाग गायब! ऑपरेशन रद्द!" आणि खाली तुझी ती नाचणारी माकडं. मग फोनवर सगळी हकिगत. समुद्रावर जायची तिकिटं काढलीस, दवाखान्यानं आईची ऑपरेशनची तारीख लगेच दुसऱ्या कुणा बाईला दिली, तिथला एसी बंद असल्यानं सगळे कसे उकडून निघालात, आई फायलीनं वारा घेत होती. मागून ती खळखळून हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मला किती बरं वाटलं, सांगता येणार नाही. पण फोन ठेवल्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि जेवण तसंच टाकून आईचा जुना एक्स-रे शोधून काढला.

इकडे काम जोरात आहे. "भिंगांशी खेळायचा पगार मिळतो हिला," असं चिडवतोस ना, तर आज ऐकच. लहानपणी तुझ्याकडे एक पट्टी होती, आठवते? हलवली की वाघ डोळा मिचकावायचा. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीस. आमची फोटो साठवायची काच तशीच. एकाच जागी हजारो फोटो, लेसरच्या वेगवेगळ्या कोनांतून उमटवलेले. कोन केसभर बदलला की एक जातो, दुसरा येतो. जुन्या भिंगातून कडा पुसट यायच्या, म्हणून दोन फोटोंमध्ये बरंच अंतर सोडावं लागे. मग आम्ही नवीन भिंग तयार केलं. आता कोपरान् कोपरा स्वच्छ, फोटो एकमेकांना खेटून, त्याच काचेत तिप्पट माल. साहेबांनी केक कापला, माझी पाठ थोपटली.

मग एक दिवस प्रयोगशाळेतला पंखा बंद पडला. काच तापली की जराशी फुगते, आणि तेवढ्यानं कोन सरकतो. चाचणीसाठी आम्ही आमचेच चेहरे भरून ठेवले होते. साहेबांचा चेहरा मागितला, तर पडद्यावर मी! नाक-डोळे लख्ख, आणि खाली नाव साहेबांचं, कारण नाव वेगळ्या यादीतून येतं. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले. जुनं भिंग चुकलं की फोटो धूसर यायचा, कुणीतरी ओरडायचं. हे चुकलं की शेजारचा फोटो देतं, आणि तो इतका सुरेख की कुणाला शंकाच येऊ नये.

प्रत्येक फोटोच्या आतच त्या माणसाचा नंबर घालू या, असं मी म्हटलं. "त्यात जागा जाते," साहेब म्हणाले. "आणि दवाखान्यांत एसी असतो, बाई."

तुमच्या दवाखान्यात एक्स-रे साठवायला आमचंच मशीन आहे. नवीन भिंगाचं.

दादा, मी उगाच पाल्हाळ लावते आहे. 

आईच्या गळ्याखालचं डावं हाड आठव. तरुणपणी सायकलवरून पडून मोडलेलं आणि वाकडंच जुळलेलं. तिच्या कडेवर असताना आपण दोघंही त्या उंचवट्यावर बोट फिरवत झोपायचो. तो कुणाचा, यावरून मारामाऱ्या केल्यात आपण. आता कालचा फोटो बघ. हाड सरळ आहे. उलटा छापला असेल म्हणून मी उजवंही पाहिलं. तेही सरळ. जुन्या फोटोत उंचवटा आहे, आणि डाग त्याच्या खालीच.

कालचा फोटो आईचा नाही रे.

दवाखान्याला फोन केला. "फोटो स्वच्छ, नाव बरोबर, मग तक्रार कसली?" म्हणाले. साहेबांकडे गेले. त्यांनी उठून दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाहेर बोलू नकोस." ते घाबरले आहेत, दादा. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आईची तपासणी पुन्हा करून घे. फोटो एक्स-रेच्या मशीनवरच थेट बघायला लाव, काचेत साठवलेला काढून नको. समुद्र राहू दे. पण ते उद्या. आज त्याहून घाईचं आहे.

शेजारचा फोटो आईला आला, तर आईचा कुणाला गेला? आईची तारीख मिळालेली ती बाई, तूच म्हणालास, आईच्याच वयाची, डाग अचानक निघालेला. तिला उद्या सकाळी आत घेणार आहेत. तिची छाती स्वच्छ असेल, दादा. ती चिरतील.

पत्र खाली ठेव आणि दवाखान्यात धाव. तिच्या मुलाबाळांना गाठ, फोटोतलं वाकडं हाड तिच्या गळ्याखाली आहे का ते त्यांना बघायला सांग, तो फोटो तिचा नाही हे त्यांना तिथेच कळेल. मोबाइल मात्र आईकडेच राहू दे. आजची रात्र तिला हसू दे.

तुझीच,
काडी