चारशे सत्तर की तीनशे पंच्याहत्तर

१० फेब्रु., मंगळवार. इंदापूर

मी चहा ओतत होते तर हे म्हणाले, "चारशे सत्तरच." काल झोपतानाही हेच म्हणाले होते. घरात दुसरा विषय नाही.

जावईबापू टांझानियात साखर कारखान्यात केमिस्ट. सासऱ्यांना जुलैत शिकारीला बोलावलंय. परवान्याची शिकार, रानरेड्याची. तिथला शिकारी दुनळी रायफल भाड्यानं देतो. दोनच आहेत त्याच्याकडे, एक ४७० ची, एक ३७५ ची, गोळीच्या मापाचे आकडे हे. कोणती ते रविवारी कळवायचंय, हाताच्या मापासकट, दस्ता त्या मापाचा लागतो म्हणे. ४७० मोठी, धक्काही मोठा. ३७५ नं रेडा मरतोच, वर खांदा शाबूत राहतो. बापूंनीच सांगितलं हे, फक्त मला. ह्यांना सांगायची बापूंना हिंमत नाही.

जन्मभर जनावरांचे डॉक्टर, म्हशी वाचवल्या. आता रेडा मारायला निघालेत. तसं मी म्हणाले तर, "त्यो वेगळा." कसा वेगळा ते काही सांगता येईना.

११ फेब्रु.

उजवा हात डोक्यावर जात नाही ह्यांचा. अडलेल्या म्हशींच्या पोटात हात घालून घालून खांदा गेला. भांग पाडायचा तर डोकंच खाली हाताकडे नेतात. मला दिसत नाही असं वाटतं त्यांना. मीही तेवढ्यात दुधाकडे बघते.

दूधवाल्याला आज ४७० चा इतिहास. इंग्रजांनी म्हणे आपल्याकडे ४५० बंद केली, बंडवाल्यांच्या हाती त्या गोळ्या पडू नयेत म्हणून. मग बंदूकवाल्यांनी जरा मोठी काढली, तीच ४७०. "म्हंजी आपल्या मुलखापायीच जन्मली की न्हाय?" दूधवाला व्हय व्हय म्हणत होता, दूध उन्हात.

१२ फेब्रु.

निवडणूक संपली, आचारसंहिता उठली. ठाण्यात जमा केलेली मामंजींची बारा बोअर आज घरी आली. रानडुकरांपासून ऊस राखायच्या परवान्याची. बंदूक आणायला गेले आणि हवालदाराच्या गाईला औषध लिहून देऊन आले. निवृत्त म्हणे!

सं. परसात माप घेतलं. माझी शिवणाची टेप. बंदूक रिकामी, नळ्या उघडून दोनदा दाखवली मला. दस्ता उजव्या खांद्याला लावला, मी कोपरापासून चापापर्यंत टेप धरली. एवढ्यात नळ्या खाली खाली. अगदी तुळशीपर्यंत.

"तेल न्हाय दिलं लई दिवस. जड लागती."

तेल दिलं की बंदूक हलकी होते, हे मला नवीन.

मग मी बोललेच. "अहो, ३७५ घ्या. खांद्याचा विचार करा."

"खांद्याचा हितं काय संबंध?"

जेवताना भाकरी अर्धी ठेवली ह्यांनी. मी खरं तेच बोलले, तरी वाईट वाटतंय. पोरासारखा आनंद झाला होता त्यांना, मी त्यावर पाणी ओतलं.

१३ फेब्रु. बावडा

दु. भाऊजींचा फोन. धाकटे दीर, बावड्यात शेती बघतात. म्हैस अडलीय, सरकारी डॉक्टर दुसऱ्या गावी अडकलेत. "दादा, तुमीच या आता." काल माझ्याशी न बोललेला माणूस चप्पल घालून गाडीत. मी पण गेले. गाडी मीच चालवली.

गोठ्यात उजवा हात आत घातला आणि ह्यांचा चेहरा पांढरा पडला. भाऊजींना कळलं नाही. मला कळलं. हात बाहेर काढला, धुतला, डावा घातला. पिल्लाचा पायच मागे वळला होता आत. म्हशीशी बोलत होते सगळा वेळ, "जरा दम धर बाय, झालंच बघ." माझ्याशी इतकं गोड कधी

निघालं एकदाचं. जिवंत. गवतानं नाक पुसलं, तोंडात बोट घातलं, चोखायला लागलं लगेच. जाऊबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"रेडा," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून असे हसले की मलाही हसू आवरेना. बाकीच्यांना वाटलं ह्या दोघांना काय झालं.

येताना गाडीत डाव्या हाताकडे बघत होते सारखे.

१४ फेब्रु.

दुपारी कपडे घ्यायला आतल्या खोलीत गेले तर हे कपाटाच्या आरशासमोर. हातात लांब दांड्याची छत्री. मूठ डाव्या खांद्याला. नेम धरलेला. सवयीनं डावा डोळा मिटला, मग चुकलं वाटतं, उजवा मिटला. पुन्हा छत्री खाली, पुन्हा वर. पाय पण उलटे टाकून बघत होते. गवतातून दबकत चालल्यासारखे, फरशीवर.

किती आवडतो हा माणूस मला, ह्या वयात, असा बनियनवर.

आरशात दिसले मी त्यांना.

"पाऊस यायला अवकाश आहे अजून," मी म्हणाले.

लाजले नाहीत. छत्री खांद्यावरच. म्हणाले, "उजवा म्हशींना दिला. डावा माझा हाय अजून."

मी कपडे घेतलेच नाहीत. तशीच बाहेर आले. ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसले. गॅसवर काही नव्हतं.

१५ फेब्रु., रविवार

सकाळी परसात पुन्हा टेप. डाव्या बाजूनं. बंदूक वर गेली आणि राहिली. तुळस वाचली. थोडी थरथरली शेवटी, मी टेप गुंडाळली.

"लिही बापूंना," म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. चष्मा नाही म्हणे. चष्मा कपाळावर होता.

"कोणती लिहू?"

"तुला काय वाटतं?"

तीनशे पंच्याहत्तर तोंडावर आलं होतं. ह्यांच्याकडे बघितलं. बंदूक पुसायला घेतली होती, डावीकडून उजवीकडे, नव्या हाताची सवय करत.

माप लिहिलं. खाली लिहिलं, "बापू, सासरे डावखुरे झालेत. डाव्या खांद्याला चालेल अशी आहे का तुमच्या शिकाऱ्याकडे? कुठलीही."

कुठलीही खोडलं. परत लिहिलं. अजून पाठवलेला नाही मेसेज. हे बाहेर छत्री घेऊन फिरायला गेलेत. ऊन कडक आहे, तरी उघडलेली नाही, डाव्या खांद्यावर आहे.