मंद नाडीची मुलगी

अण्णा, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा तब्येत कशी आहे हे विचारत नाही. माझी उत्तम आहे. तेच सांगायला बसले आहे.

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी हृदय तपासून घ्या म्हणून मला नगरच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. पोरगेलासाच डॉक्टर, चेहऱ्यावर नीट दाढीही नाही. छातीला तारा लावून त्याने कागदाची पट्टी काढली आणि विचारलं, "आजी, पूर्वी हृदयाचा काही त्रास?" जन्मभर पाठ असलेलं उत्तर मी दिलं. म्हटलं, काळीज लहानपणापासून मंद आहे, शाळेत पळायचे तेव्हा सकाळी नाडी फार हळू लागायची, म्हणून वडिलांनी पळणं बंद केलं. पळताना कधी चक्कर? नाही. छातीत दुखणं? नाही. धाप? सगळ्या मुलींत मला सगळ्यांत कमी लागायची. तो हसला. "अहो आजी, रोज पळणाऱ्याची नाडी हळूच होते. हृदय दणकट झालं की थोड्या ठोक्यांत काम भागतं. तुम्हाला काही झालं नव्हतं. तुम्ही चांगल्या पळत होता, एवढाच त्याचा अर्थ." मी थँक्यू म्हटलं, पदर नीट केला, बाहेर आले आणि नळावर जाऊन चूळ भरली. तोंडात माशाच्या तेलाची चव आली होती. इतक्या वर्षांनी, अण्णा, तोंडभर.

तुम्हाला आठवतं का ते साल? पाऊस नव्हता, पाट कोरडा पडला होता. शाळेच्या मैदानाला भेगा गेल्या होत्या, त्यात मुलींचे पाय मुरगळायचे, म्हणून आमच्या खेळाच्या बाई आम्हाला पाटात उतरवून पळवायच्या. खाली मऊ गाळ, दोन्ही बाजूंना भराव, वरून कोणाला आमचे खोचलेले परकर दिसत नसत. बाई भरावावरून शिट्टी घेऊन चालायच्या आणि ओरडायच्या, "मागे बघू नकोस, मागे कोणी नाहीये!" खरंच कोणी नसायचं. पायाखाली गाळावरची वाळकी पापडी मोडल्याचा आवाज येतो आहे, पुढे पुलाची सावली आहे, आणि मला वाटतं आहे की पूल मागे टाकून अशीच पुढच्या गावापर्यंत जावं. जिल्ह्याच्या स्पर्धांसाठी बाईंनी माझं नाव दिलं. मी आणखी कशाची हुशार नव्हते, अण्णा. गणितात काठावर होते, शिवणात त्याहून वाईट. मला तेवढं एकच येत होतं.

आणि तुम्हाला येत होतं नाडी मोजणं. दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. बाटलीत औषध भरायचं, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवायची, हे तुमचं काम, आणि ते तुम्ही नेटकं करायचात, यात वाद नाही. पण डॉक्टर सुट्टीवर गेले की ओट्यावर बसून तुम्ही लोकांच्या नाड्या बघायचात. बाजारच्या दिवशी तर भाजीवाल्या बायासुद्धा हात पुढे करायच्या, "डागदरसायब, जरा बघा की." ते 'सायब' ऐकताना तुमची मान कशी एका बाजूला कलायची, ते मी रोज पाहिलं आहे. घरातही रोज सकाळी चहाच्या आधी आईचा आणि माझा हात पुढे. तुमच्या बोटांना फिनेलचा वास असायचा. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, मग घड्याळाकडे बघायचात, आणि निकाल दिल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

त्या सकाळी तुम्ही दोनदा मोजलंत. मग घड्याळ हलवून कानाला लावलंत. मला वाटलं घड्याळ बंद पडलं, मी हसलेसुद्धा. तुम्ही आईला म्हणालात, "हिचं काळीज मंद चाललंय."

"म्हंजे काय वो?"

"म्हंजे त्यात दम न्हाई. आजपासून पळनं बंद."

आदल्याच दिवशी मी सगळ्यांच्या पुढे निघून गेले होते आणि वर्गात येऊन मोठ्याने धडा वाचला होता. हे मी बोलले नाही. मी "बरं" म्हटलं. आपल्या घरात तुम्हाला देण्यासारखं तेवढं एकच उत्तर होतं.

चार दिवसांनी बाई घरी आल्या. आईने चहा टाकला, मी दाराआड उभी. बाई अदबीने म्हणाल्या, "अण्णा, पळणाऱ्या मुलांची नाडी मंदच असते. आम्हाला ट्रेनिंगला शिकवलंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण डॉक्टरांना एकदा दाखवा ना. समोर तर बसतात." तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "बाई, तुमी शिट्टी वाजवा. नाडी आमी बघतो." तुम्ही हे इतकं खुशीत म्हणालात, की पुढे कित्येक दिवस आल्यागेल्याला ऐकवत होतात. लोक हसायचे. मला त्या हसण्याची अजून शिसारी आहे.

मी काय गिळू शकत नाही ते सांगते. तुम्ही चुकलात हे नाही. चुकतं माणसाचं. आपल्या दोन खोल्या दवाखान्याच्या मागेच, मधे एक अंगण. त्या अंगणापलीकडे डॉक्टरांची छाती तपासायची नळी खिळ्याला टांगलेली असायची, रोज सकाळी ती स्पिरिटने पुसायचात तुम्ही स्वतः. मला हाताला धरून एकदा, फक्त एकदा, अंगण ओलांडून न्यायचं होतं. तुम्ही नेलं नाहीत. मी बरीच वर्षं समजत होते की भीतीने नेलं नसेल, काही वाईट निघेल म्हणून. तुमच्या मागे आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा शेंगा सोलता सोलता सहज बोलून गेली, "डागदरला इचारलं असतं तर गावभर झालं असतं, पोरीला आजार हाय म्हनून. आन् डागदर म्हनला असता काय न्हाई, तर मंग तुझ्या बापाफुडं हात कोनी केला असता?" ती तक्रार करत नव्हती. तिला तुमचं म्हणणं रास्तच वाटत होतं. म्हणजे माझा आजार खरा निघाला तरी पंचाईत आणि खोटा निघाला तरी तुमचीच पंचाईत. या हिशेबात मी कुठेच नव्हते. याची मला किळस येते, अण्णा. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही.

मग माशाचं तेल सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ चमचा, नाक दाबून. दिवसभर ढेकरांना वास, वर्गात मुली बाकावर लांब सरकायच्या. धावायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, हंडा उचलायचा नाही. माझ्या मागून येणारी मुलगी नगरला गेली आणि कप घेऊन आली. तिच्या वडिलांचं तुम्ही कौतुक केलंत, आणि जाता जाता त्यांचीही नाडी बघितलीत.

आणि हंडा तुम्ही उचलायला लागलात. टँकर आला की भर रस्त्याने, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटावर, डोक्यावर हंडा. बाप्ये हसायचे, बायका पदराआड हसायच्या, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. एकदा माझ्यासाठी नगरहून मोसंबी आणलीत, सोलून, बिया काढून दिलीत. हे आठवलं की माझा राग लंगडा पडतो, आणि त्याचा मला आणखी संताप येतो. मला धड तुमचा तिरस्कारही करू दिला नाहीत.

लग्नाच्या आधी तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, सासरी हे बोलायचं नाही. नाही बोलले. दोन्ही बाळंतपणांच्या आधी मी ट्रंकेतल्या पातळांच्या घड्या घातल्या आणि कोणतं कोणाला द्यायचं हे मनाशी ठरवून ठेवलं. नवऱ्याला वाटलं आवराआवर चालली आहे. डोळ्यांसमोर एस.टी. सुटली तरी मी पळाले नाही, पुढच्या गाडीची वाट बघत फळीवर बसून राहिले. मुलं अंगणात पकडापकडी खेळताना "आई, तू पण ये" म्हणायची, तेव्हा मी गुडघा धरून दाखवायचे. गुडघ्याला काही झालं नव्हतं. छातीत एक धडधड जरा जोरात झाली की मी मरणाची तयारी करायचे, आणि ते काळीज बिचारं आपलं काम चोख करत होतं.

आता नात आमच्याकडे असते, कॉलेजात आहे. ती पळते. छातीला पट्टा बांधते, मनगटावर घड्याळ, पळताना नाडी किती झाली ते त्यात दिसतं. झोपेतलीसुद्धा मोजली जाते. सकाळी उठून बघायची आणि कुणालाही हात पुढे न करता चहा प्यायचा. काल ती आनंदाने माझ्याकडे आली, "आजी, बघ ना, किती खाली आली माझी!" मी चष्मा लावून आकडा बघितला. डॉक्टर बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी मी म्हणाले, "आज नको जाऊस."

"काहीतरीच काय, आजी! हे चांगलं असतं," म्हणत तिने बुटाची नाडी आवळली आणि गेली. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली, मागे वळून बघितलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पत्ता नाही तेच बरं आहे. नाहीतर तुम्ही उलट टपाली कळवलं असतं, की नगरचा तो डॉक्टर कच्चा आहे. घरात सगळ्यांना वाटलं मी काळजीने फाटकात उभी होते. सूनबाई म्हणाली, "आई, किती जीव लावता हो पोरीला." तुम्हाला म्हणून सांगते, काळजी नव्हती. तिने माझं ऐकलं नाही याचा मला राग आला होता.