सख्खा भाऊ म्हण

सोमवार, १२ जानेवारी २०२६, संध्याकाळी ७.१०. भोसरीच्या खोलीवर उद्याच्या मुलाखतीचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

आज क्लासमध्ये सरांनी सराव घेतला. "अग्निशमन दलात का यायचंय?" मी खरं तेच सांगितलं. नोकरी कायमची आहे. कंपनी सात महिने झाले की आम्हा कंत्राटी कामगारांना ब्रेक देऊन घरी बसवते, कायम करावं लागू नये म्हणून. सगळे हसले. सर म्हणाले, "जनसेवा म्हण रे भावा! आगीत घरचं कुणी गेलंय का?"

घरचं नाही. कंपनीतले सलीमभाई गेले. मी ब्रेकवर होतो, माझ्या मशीनवर ते होते, आणि शेडला आग लागली. सर खूश. "सोनं आहे हे! फक्त सलीम म्हणू नकोस. सख्खा भाऊ म्हण, आवाज जड कर."

असं बोललो तर नोकरी लागेलही. पण सलीमभाईसुद्धा कायम व्हायचीच वाट बघत होते, जनसेवेची कुठे? त्यांचं नाव पुसून त्यांना विकू? नाही. उद्या कायम नोकरीच सांगणार. आणि नाही घेतलं तर? परवापासून पुन्हा ब्रेक आहे.

खर्च: क्लास अठराशे, फोटो ऐंशी.
देणं: सलीमभाईंचे पाचशे. ते मागायला आता कोणी येणार नाही.